आधी थोरल्यांची टिकली

सामोआतल्या लोटोवाई गावात घरांना भिंती नसतात. वर छप्पर, खाली बारीक खडीवर चटया, मधे नुसते खांब. त्यामुळे भिंतीला कान असण्याची तिथे सोयच नाही. ते काम शेजारच्या बाया करतात आणि भिंतीपेक्षा चोख करतात. म्हणून फुआतिनोची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ आहे. प्रत्येक जण ती आपापल्या घराण्याला शोभेल अशी सांगतो, एवढंच.

फुआतिनो या गावची लेक नव्हे, सून. लग्न होऊन आली त्या दिवशीच तिचं नाव वेशीबाहेर राहिलं. गावात ती सेतेफानोची बायको. सुनेची कामं ठरलेली: उजाडायच्या आत उठून अंगणातला पाचोळा झाडायचा, तारोचे, म्हणजे तिथल्या अळूचे, कंद सोलायचे, सगळ्यांना वाढायचं, त्यांचं जेवण होईपर्यंत पंख्यानं माश्या वारायच्या, आणि शेवटची ढेकर ऐकू आली की उरलंसुरलं घेऊन मागच्या खांबाशी बसायचं. बावीस वर्षांत फुआतिनोनं गरम कंद तोंडात घातला नव्हता. तारोचा कंद थंडच असतो, दगडासारखा असतो आणि घोटभर नारळाच्या दुधाबरोबर ढकलायचा असतो, अशी तिची समजूत होऊन बसली होती.

पण सकाळी बसमधून राजधानीच्या, आपियाच्या, वरच्या टेकडीवर उतरली आणि पांढरा डगला अंगात चढवला, की हीच बाई वेगळी व्हायची. टेकडीवर झाडपाल्याच्या औषधांची एक छोटी प्रयोगशाळा होती. गावोगावच्या वैदूबायांच्या पाल्यानं जंतू खरंच मरतात का, हे तिथे तपासत. फुआतिनो तिथली मदतनीस. हुद्दा मदतनीस, पण फुआतिनो रजेवर गेली की प्रयोगशाळाही रजेवर जायची.

काम सांगायला सोपं. काचेच्या चपट्या बशीत समुद्री शेवाळाची खळ ओतायची, ती थिजली की कापसाच्या काडीनं त्यावर गळवातले जंतू सारवायचे. मग पाल्याच्या रसात बुडवलेली कागदाची एक इवलीशी टिकली चिमट्यानं मधोमध ठेवायची आणि बशी उबेच्या कपाटात घालायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असते. रसात दम असेल तर टिकलीभोवती स्वच्छ वलय उमटतं, जंतू तेवढी जागा सोडून बसतात. वलय जितकं रुंद तितका पाला जालीम. मग फुआतिनो पट्टी लावून मिलिमीटर मोजायची आणि वहीत लिहायची.

झाडांची नावं वहीत नव्हती. कुठला पाला हे कुठलंच घराणं सांगत नाही. ते गुपित आजीकडून नातीकडे जातं. म्हणून नोंद घराण्याच्या नावानं व्हायची. आणि इथेच घोळ झाला. पानाला घराणं चिकटलं की वलयाला अब्रू चिकटते. लोटोवाईतली सात घराणी एकमेकांना मिलिमीटर ऐकवू लागली. पाद्रीबाबांच्या देवळाच्या पायरीवर बाया म्हणायच्या, "यंदा आमचं पंधरावर गेलं बाई!" सोयरीक जमवताना कुणी तरी हळूच सांगायचं, "मुलगी जरा सावळी आहे, पण घरचं पान सोळाचं."

या सगळ्यात वर होतं मालाएवाओंचं पान. मालाएवाओ म्हणजे गावचे थोरले मताई. मताई म्हणजे घराण्याचा पुढारी, आणि हे त्या सगळ्या पुढाऱ्यांचे पुढारी. देह असा की नावेत बसले की नाव विचारात पडायची. त्यांचं वलय कायम एकवीस.

आणि सगळ्यात खाली, दर वेळी, सात. टिकलीच मुळात सहाची, म्हणजे वलय नावापुरतं. ते पान तालिंगीचं.

ही तालिंगी कोण, तर फुआतिनोची सासू.

तालिंगी चाळीस वर्षं गळवं बसवत आली होती. लाकडी वाडग्यात पाला चुरायची, थंड पाणी शिंपडायची, लगदा फडक्यात बांधायची, आणि तीन दिवसांत गळू मऊ होऊन फुटायचं. गावातलं एक ढुंगण, एक मांडी, एक मान अशी नव्हती जी तिच्या वाडग्याच्या ओळखीची नाही. पैसा घ्यायची नाही. मात्र कुणाला कुठे काय झालं होतं ते जन्मभर लक्षात ठेवायची आणि योग्य वेळी बोलायची. त्यामुळे तिला सगळे फार मानत.

"सूनबाई," ती रोज संध्याकाळी विचारायची, "तुझ्या बशीनं आज काय म्हटलं?"

"सात, आई."

"सात! अगं, माझ्या थुंकीला आठ पडतील! सेतेफानोच्या गुडघ्याचं गळू कुणी बसवलं? तुझ्या काखेतलं कुणी बसवलं? दोन रात्री हात वर करून झोपली होतीस, झाडाच्या फांदीसारखी. तेव्हा बशी आली होती का फडकं बांधायला?"

"आई, मी नुसती मोजते."

"मोजतेस! सासूचं पान मोजताना पट्टी उलटी धरत असशील."

फुआतिनो कंद सोलत राहायची. तिलाही कोडं होतंच. काखेतलं गळू तिला आठवत होतं. फडकं बांधल्यावर ठणका कसा उतरला तेही आठवत होतं. मग बशीत काय होत होतं?

त्या वर्षी प्रयोगशाळेत लांगीमाइना नावाची नवी डॉक्टरबाई आली. मुलगी इथलीच, पण न्यूझीलंडला शिकलेली. चालायची भरभर, खायची उभ्या उभ्या. गावातल्या बायांनी तिच्यासाठी दोनदा प्रार्थना केली होती. तिनं ठरवलं की ज्या पानांचं वलय बाराच्या वर, तेवढ्यांची एक पुस्तिका छापायची. पुस्तिका गावोगावच्या महिला मंडळांना आणि दवाखान्यांना जाणार, आणि त्यातल्याच वैदूबायांनी पुढे औषध द्यायचं. शेवटची चाचणी गुरुवारी.

बातमी घरी पोचायला फुआतिनोच्या बसपेक्षा कमी वेळ लागला. ती घरात शिरली तर तालिंगी वाडगा मांडीवर घेऊन बसलेली.

"गुरुवारी जर पुन्हा सात आले ना, तर हा वाडगा पालथा. पुन्हा हात लावणार नाही. लोकांनी पुस्तक बांधावं गळवाला."

"आई, असं काय करता?"

"असंच. चाळीस वर्षं मी लोकांना फसवलं असेन तर बंद करायला नको?" ती हे चढ्या आवाजात म्हणाली, पण म्हणताना बोट वाडग्याच्या काठावरून फिरत होतं. तिथे लाकूड चाळीस वर्षांच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालं होतं.

फुआतिनोला ते बोट दिसलं. त्याखेरीज आणखीही एक दिसलं: वाडगा पालथा झाला की ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकामी, आणि रिकाम्या तालिंगीला घरात बघायला एकच गोष्ट उरणार. सून!

गुरुवारी सकाळी ती घरोघर जाऊन ताजा पाला गोळा करत निघाली. केळीच्या पानात बांधलेल्या सहा पुड्या मिळाल्या. मालाएवाओंच्या दारी मात्र त्यांचे बोलके मताई पोउतोआ उभे होते. थोरले स्वतः गावसभेत बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं हे बोलतात. आणि बोलतात म्हणजे काय, एकदा लागले की अंगणात सुकत घातलेलं खोबरं तेल सुटेपर्यंत.

"थोरल्यांची पुडी मागाहून येईल," पोउतोआ एवढंच म्हणाले.

पोउतोआंच्या तोंडून एवढं छोटं वाक्य गावानं कधी ऐकलं नव्हतं. पण सुनेनं कारण विचारायचं नसतं.

आठ वाजता फुआतिनोनं प्रयोगशाळेत नेहमीसारख्या बशा मांडल्या आणि सगळ्यांवर जंतू सारवले. सात घराण्यांच्या सात, आणि दवाखान्यातल्या खात्रीच्या औषधाची आठवी. ही आठवी बशी ताडून बघायला. तिचं वलय नेहमी सव्वीस. मग तिनं चिमटा हातात घेतला, आणि घेतला तसा खाली ठेवला. थोरल्यांची पुडी आली नव्हती.

आता तुम्हीच सांगा, थोरल्यांच्या आधी दुसऱ्या कुणाला कसं वाढणार? डॉक्टरबाई सरकारी कचेरीत बैठकीला गेली होती. फुआतिनो थांबली. पाला चुरून रस काढून ठेवला, टिकल्या भिजवल्या, भांडी घासली, खिडक्या पुसल्या. बशा मेजावर वाट बघत बसल्या. त्यांच्यासमोरून जाताना फुआतिनो दर वेळी कमरेत वाकून "तुलोउ, तुलोउ" म्हणत होती. बसलेल्या मोठ्या माणसांपुढून जाताना माफी मागायची ती रीतच आहे.

अडीच वाजता पोउतोआ घामानं निथळत पुडी घेऊन आले. मग पंगत सुरू झाली. आधी थोरल्यांची टिकली. मग दवाखान्याच्या औषधाची, कारण ते परदेशी पाहुणं. जरा थांबून पाद्रीबाबांच्या घरची. मग बोलक्या मताईंची. मग एकेक करत बाकीची घराणी, मध्ये शिस्तीत वेळ सोडून, कारण वरच्याचं होतंय न होतंय तोच खालच्याला वाढणं बरं दिसत नाही. सगळ्यात शेवटी घरची टिकली राहिली. पाच वाजायला आले होते, बस पाचची. घाईत कोपर लागलं आणि घरची बशी फरशीवर पडून फुटली.

"गेलं! आईंचं पान गेलं!"

तिनं नवी बशी काढली, जंतू सारवले, त्याच हातानं टिकली ठेवली, आणि कपाटाचं दार लावून बसमागे धावली.

शुक्रवारी सकाळी लांगीमाइनानं स्वतः पट्टी घेतली. मालाएवाओ: सात. पाद्रीबाबा: सात. पोउतोआ: सहा. बाकीच्यांना नुसती टिकलीच टिकली. आणि तालिंगी: एकोणीस.

लांगीमाइनानं पट्टी खाली ठेवली.

"मावशी, हे काय केलंत?"

"काही नाही बाई. नेहमीसारखंच केलं."

"नेहमी यांना एकवीस आणि तुमच्या घरच्याला सात. आज यांना सात, आणि तुमच्या घरच्याला एकोणीस. मला काय समजायचं?"

बावीस वर्षांत फुआतिनोवर असा आळ आला नव्हता. आणि आळ घेणारी पोरगी चूक म्हणत होती असंही नाही. ते आकडे बघून तिनं स्वतःवरच आळ घेतला असता.

सफाईवाली दाराशी उभी होती. तिची बहीण लोटोवाईत दिलेली. म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच. दुपारपर्यंत गावात पुकारा झाला: सेतेफानोच्या बायकोनं थोरल्यांचं पान मारलं आणि सासूचं चढवलं. पोउतोआ देवळासमोर उभे राहून सुनांच्या कलियुगावर तासभर बोलले.

संध्याकाळी फुआतिनो घरी आली तेव्हा वाडगा मधल्या खांबाशी पालथा होता.

"आई, एकोणीस आले हो..."

"चोरीचे एकोणीस मला नकोत! सात परवडले, ते माझे तरी होते."

"मी चोरी नाही केली, आई."

तालिंगीनं पालथ्या वाडग्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "ते ठाऊक आहे मला. तुला खोटं बोलता येत नाही, तेवढी अक्कलच नाही. पण गावाला कुठे ठाऊक आहे?"

इतक्यात मागच्या केळीतून सळसळ आली. तिन्ही सांजेच्या प्रार्थनेचा शंख अजून व्हायचा होता. केळी बाजूला झाल्या आणि मालाएवाओ आत आले. एकटे, पोउतोआंशिवाय, मागच्या बाजूनं! फुआतिनोनं धावत जाऊन सगळ्यात चांगली चटई अंथरली.

"बसा ना, थोरले."

"उभा बरा आहे."

सासू-सून दोघी चमकल्या. थोरले मताई दुसऱ्याच्या घरात उभे! उभं राहून तर तिथे पोरंसुद्धा बोलत नाहीत. तालिंगीनं डोळे बारीक केले. त्यांच्या उभं राहण्याकडे बघितलं, कललेल्या कमरेकडे बघितलं, आणि चाळीस वर्षांची विद्या तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडली.

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मालाएवाओ जमिनीकडे बघत म्हणाले.

"किती दिवस?"

"आठ. घरचा पाला लावला. होता नव्हता तो सगळा संपला. काल चाचणीला द्यायला एक पान शिल्लक नव्हतं, माणूस डोंगरावर धाडून दुपारी आणवला."

"एकवीसचा पाला!" तालिंगी गोड आवाजात म्हणाली. "आणि तरी उभे?"

"टोमणे नंतर मार. फडकं बांध."

"वाडगा पालथा आहे, थोरले. दिसत नाही का?"

"मग उताणा कर!"

"माझ्या सुनेवर चोरीचा आळ आहे, तोही तुमच्या पोउतोआनं घेतलेला. तो निघाल्याशिवाय वाडगा उताणा व्हायचा नाही. बशी खरं काय ते बोलू दे. मग या."

फुआतिनो मागच्या खांबाशी थक्क होऊन उभी होती. "माझ्या सुनेवर" हे शब्द तिनं बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले होते.

मालाएवाओ तालिंगीवर गुरगुरले, पण गुरगुरण्यात जोर नव्हता. जोर लावला की डावीकडे कळ जात होती. "उद्याच्या उद्या पुन्हा चाचणी," ते म्हणाले.

उद्या शनिवार. शनिवारी बशा लावल्या तर रविवारी मोजाव्या लागणार, आणि रविवारी सामोआत कोंबडीसुद्धा अंडं द्यायला बिचकते. म्हणजे सोमवार. रविवारी देवळात थोरल्यांची खुर्ची सगळ्यात पुढे, खास पाठीची, लाकडी. मालाएवाओ तिच्याकडे गेले, तिच्याकडे बघितलं, आणि वळून गाणाऱ्या पुरुषांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. जन्मात कधी गायले नव्हते. दीड तास उभ्यानं गायले. वरच्या सुरांना त्यांच्या आवाजात असा काही दर्द आला की पाद्रीबाबांनी उपदेशात थोरल्यांच्या वाढत्या भक्तीचा उल्लेख केला. तालिंगीनं पंख्याआड तोंड लपवलं.

इकडे लांगीमाइनाही स्वस्थ नव्हती. सोमवारी फुआतिनो कामावर पोचली तर ती आठवी बशी हातात धरून बसलेली.

"मावशी, मी तुमच्यावर उगाच घसरले. हे बघा. दवाखान्याच्या औषधाचं वलय. नेहमी सव्वीस, गुरुवारी बारा. तुम्हाला थोरल्यांचं पान मारायचं असतं तर या बिचाऱ्याला कशाला मारलं असतं? याचं तर गावात कुणी नाही." ती पुढे वाकली. "गुरुवारी काय काय केलंत, घड्याळासकट सांगा."

फुआतिनोनं सांगितलं. आठला जंतू सारवले. अडीचला थोरल्यांची टिकली...

"थांबा. आठ ते अडीच बशा नुसत्या पडून?"

"पुडी यायची होती ना."

"मग दुसऱ्यांच्या टिकल्या लावून टाकायच्या!"

फुआतिनोनं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू पोरीनं देवळात शिट्टी मारली. "थोरल्यांच्या आधी?"

लांगीमाइनाचा हात हळूच कपाळाकडे गेला. "मावशी, इतर दिवशी... तुमच्या घरची टिकली किती वाजता लावता?"

"सगळ्यांचं झाल्यावर. दोन-अडीच होतात."

"आणि जंतू सारवता आठ वाजता."

"हो."

"भिंतीवर नियम लिहिलाय. सारवल्यापासून पंधरा मिनिटांत टिकली."

"पाळते की. थोरल्यांना पंधरा मिनिटांच्या आतच मिळते. बाकीच्यांनी थांबायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

लांगीमाइना हसायला लागली. हसता हसता खाली बसली, चक्क फरशीवर, गावातल्या बाईसारखी. मग तिनं समजावलं. जंतू काही टिकलीसाठी थांबून राहत नाहीत. ते वाढतच असतात. लवकर आलेल्या टिकलीला मोकळं मैदान, उशिरा आलेल्या टिकलीला भरलेली सभा. सहा तास मुरलेल्या जंतूंना कुठलाही पाला उठवू शकत नाही. इतकी वर्षं वहीत औषधाची ताकद उतरत नव्हती, पंगतीतला नंबर उतरत होता. आणि गुरुवारी घरची बशी फुटली नसती तर हे कधी कळलंही नसतं.

फुआतिनोनं वही उघडून जुने सात बघितले. चाळीस वर्षं गळवं बसवणाऱ्या बाईला आपण स्वतःच्या हातानं सात देत होतो, दर वेळी, आदरानं.

"सोपं आहे," लांगीमाइना म्हणाली. "आज सगळ्या टिकल्या भराभर लावा. पाच मिनिटांत."

फुआतिनोनं चिमटा उचलला. बशीवर नेला आणि मागे घेतला. थोरल्यांच्या टिकलीमागे लगेच आपली? श्वाससुद्धा न सोडता? "बाई, माझ्याच्यानं नाही होणार. हात ऐकत नाही."

"मग मी लावते."

"तुम्ही लावलीत तर म्हणतील डॉक्टरीणबाईला फितवली."

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. मालाएवाओ आले होते. मागे पोउतोआ, त्यांच्या मागे बाकीच्या पाचही घराण्यांच्या बाया, लुंगीसारख्या नव्या लावालावा नेसून, जणू देवळात नवं छप्पर बसायचं होतं. फुआतिनोनं खुर्ची पुढे केली. थोरल्यांनी खुर्चीकडे वैऱ्यासारखं बघितलं.

त्या गर्दीकडे बघता बघता फुआतिनोला सुचलं. वाढताना क्रम असतो. पण "आमेन" म्हणताना? "आमेन" सगळे एकदमच म्हणतात. थोरले आधी आणि सून मागून, असं कुणी करत नाही.

तिनं सात जणांच्या हातात सात चिमटे दिले. थोरल्यांच्या हातात त्यांचा, पाद्रीबाबांच्या बायकोच्या हातात तिचा, घरचा स्वतःकडे. आठवी टिकली लांगीमाइनाकडे. पोउतोआ प्रार्थना म्हणणार, म्हणून त्यांचा चिमटा त्यांच्या मुलीकडे. जंतू सारवून झाले, बशा उघड्या झाल्या, आठही टिकल्या बशांवर अधांतरी.

"आमेनला ठेवायच्या," फुआतिनोनं बजावलं. "पोउतोआकाका, प्रार्थना बेतानं. जंतू वाढतात."

असं पोउतोआंना कुणी सांगू नये. त्यांनी सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला ते महापुरापाशी होते. आठव्या मिनिटाला त्यांनी औषधी वनस्पतींची निर्मिती घेतली, झाडाझाडानं. बायांचे हात भरून आले, चिमटे डुगडुगायला लागले. लांगीमाइनाचा एक डोळा मिटलेला, दुसरा घड्याळावर. अकरा मिनिटं. बारा. तेराव्या मिनिटाला पोउतोआ म्हणाले, "आणि आता, हे प्रभो, आपल्या पूर्वजांकडे वळू..."

"आमेन!" मालाएवाओ गरजले. तिष्ठून तिष्ठून त्यांच्या डाव्या बाजूनं आता पूर्वजच दाखवायला सुरुवात केली होती.

आठ टिकल्या एकदम खाली बसल्या.

मंगळवारी सकाळी लांगीमाइनानं सगळ्यांदेखत पट्टी लावली. दवाखान्याचं औषध सव्वीस. मालाएवाओ एकवीस. तालिंगी एकोणीस. पोउतोआ सोळा. पाद्रीबाबांचं चौदा, आणि बाकीच्यांपैकी बाराच्या खाली कुणी नाही. सातही घराणी पुस्तिकेत! पोउतोआंनी घसा साफ केला, फुआतिनोकडे बघितलं, आणि आयुष्यातलं दुसरं छोटं वाक्य बोलले.

"चुकलं, फुआतिनो."

नावानं! बायांनी एकमेकींना कोपरं मारली.

फुआतिनो पाचच्या बसनं घरी आली, तर वाडगा उताणा झालेला. मधल्या खांबाशी मालाएवाओ चटईवर पालथे पसरले होते आणि तालिंगी पाला चुरत होती. थोरले सकाळीच मोटारीनं परस्पर इकडे येऊन पडले होते, म्हणजे आकडा सुनेच्या आधी सासूला कळला होता.

"एकोणीसच का गं?" तालिंगीनं मान वर न करता विचारलं. "यांना एकवीस, आणि मला एकोणीस?"

"बशीत तसं आलं, आई."

"बशीला ढुंगण नसतं," तालिंगी म्हणाली, आणि लगदा जिथे थापायचा तिथे जरा जोरात थापला. "हलू नका, एकवीस!"

मालाएवाओंनी चटईत तोंड खुपसून काही तरी म्हटलं. ते छापण्याजोगं नव्हतं.

प्रार्थनेचा शंख झाला, प्रार्थना झाली, जेवणाची वेळ झाली. फुआतिनो सवयीनं वाढायला उठली. तालिंगीनं तिच्या हातातली टोपली काढून घेतली.

"बस."

"आई, थोरले पाहुणे आहेत, आधी त्यांना..."

"ते पालथे आहेत. पालथ्या माणसाला घाई नसते. बस म्हणते ना! आज सगळ्यांचं एकदम. आमेनला."

सेतेफानोनं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि शहाण्यासारखा जेवायला बसला. तालिंगीनं चुलीतून नुकताच काढलेला तारोचा कंद फुआतिनोपुढे ठेवला. त्यातून वाफ निघत होती. अळूच्या पानात शिजलेलं नारळाचं दूध अजून खदखदत होतं. बावीस वर्षं थंड कंद खाल्लेल्या बाईला काय कळणार? तिनं नेहमीसारखा मोठा लचका तोडला.

पुढची किंकाळी पाद्रीबाबांच्या घरापर्यंत ऐकू गेली. जीभ, टाळू, ओठ, सगळं एकदम पोळलं.

"बघा! गरम खायचीसुद्धा अक्कल नाही," तालिंगी म्हणाली, आणि मोठ्या समाधानानं वाडग्याकडे हात लांबवला. "आ कर."